माळवदापासून स्लॅबपर्यंत

दिवाळीच्या सुटीत प्राध्यापक मंडळी महाबळेश्वराला जातात. मी गेल्या वर्षी किल्लारीला गेलो. या बेताचे घरात कसे स्वागत झाले ते न सांगणेच बरे! निमित्त होते एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहाचे. घरावर मजला चढत होता आणि स्लॅब पडताना गुरुजी हवेत, असा त्याच्या आजोबांचा हट्ट होता.

नांदेडहून निघालेली एस. टी. लोहा, अहमदपूर, चाकूर मागे टाकीत लातूरच्या वाटेला लागली. खिडकीतून मी माळवदे शोधीत होतो. माझे सारे बालपण आजोळच्या माळवदाखाली गेले. दोन-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, वर लाकडावर चढवलेला पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि वैशाखातही आत रांजणासारखा गारवा! आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्रे आणि स्लॅब. मन जरा खट्टू झाले.

त्याला दुसरेही एक कारण होते. आपल्या घरोघरी असलेली शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीच. तसलीच चुनखडी वाडी-शहाबादकडच्या भट्ट्यांत मातीबरोबर सुमारे 1450 अंशांपर्यंत भाजली की तिचे क्लिंकर होते आणि ते दळले की सिमेंट. पण शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली, तर 44 किलो कार्बन डायॉक्साइड त्या दगडातूनच हवेत जातो. कोळशाचा धूर वेगळाच! भट्टी उद्या सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हे 44 किलो सुटत नाहीत. जगात माणूस जो कार्बन डायॉक्साइड हवेत सोडतो, त्याचा सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. तेव्हा माळवदांची बाजू घेऊन चार शब्द बोलायचे, असे मी मनाशी योजून ठेवले होते.

किल्लारीत उतरलो आणि ते शब्द तोंडातल्या तोंडात राहिले. 30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून गाव झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. मातीत रचलेल्या त्या रुंद भिंती फुटल्या आणि वरची मणामणाची माती निजलेल्यांवर आली. लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसे गेली. मला गारवा देणारे छप्पर ते हेच.

"घर तापतंय गुरुजी, खोटं कशाला बोलू?" आजोबा म्हणाले, "पण रातीला डोळा लागतो."

यावर मराठीचा प्राध्यापक काय बोलणार?

मात्र त्या भूकंपाने दुसराही धडा दिला होता. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. भिंतीच्या आरपार जाणारे दगड मधूनमधून घातले, दारे-खिडक्यांवरून काँक्रीटचा एक पट्टा घरभर फिरवला आणि छपराचे ओझे उतरवले, तर दगडी घराचाही बराच बचाव होतो. नंतरच्या दुरुस्ती-मोहिमेत हेच शिकवले गेले. सिमेंट लागते, पण थोडके.

गोणीवर मी 'पोर्टलँड पोझोलाना' वाचले. यात 15 ते 35 टक्के राख असते. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून उरते तीच. राख जितकी अधिक, तितके क्लिंकर कमी. जवळच परळीला असल्या राखेचे डोंगर साठले. (राख हवी म्हणून कोळसा जाळीत राहायचे काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून आता भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी मिसळण्याची तऱ्हा निघाली आहे. 2023 साली तिला भारतीय मानकही मिळाले.)

गवंड्याला मात्र राखेचे कौतुक नव्हते. "हे सिमिट हळू धरतंय सर. चौदा दिवस पाणी मारावं लागतंय."

पाणी! 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात! पाण्यापायी कोणी चार दिवसांतच हात आखडला, तर स्लॅब कच्चा राहतो आणि बदनामी होते राखेची.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो. गवंड्याने स्लॅबवर मातीची आळी केली होती. आजोबा कळशीने एकेक आळे भरीत होते, आणि नातवाला सांगत होते की अंघोळीचे पाणी आजपासून एकच बादली.