पाठीवरचा भोपळा

पोहायचा भोपळा निवडताना मामा आधी देठ बघायचा. वेलावरच पुरता वाळलेला, हलवला की आत बिया खुळखुळणारा दुध्या. देठाशी बारीक चीर दिसली तरी तो बाजूला, कारण पाणी तिथूनच शिरतं. मग बोटाच्या पेराने टकटक करून साल कुठे नरम आहे का ते ऐकायचं. असे दोन भोपळे सुती दोरीने जोडून तो माझ्या पाठीवर, काखांच्या जरा खाली आवळायचा आणि दोरीखाली दोन बोटं घालून बघायचा. बोटं सहज फिरली की गाठ सोडून पुन्हा बांधायचा. "हात मोकळा राहू दे, पाय मार," एवढंच सांगून विहिरीत सोडायचा. प्रकाशाजवळच्या त्या गावात तापी हाकेच्या अंतरावर होती, पण शिकायचं ते विहिरीतच. पाणी वाहतं नसताना शिकावं, असा त्याचा आग्रह.

आम्ही राहायचो सुरतेजवळच्या चलथाणला. वडील साखर कारखान्यात. गल्लीत निम्मी घरं खान्देशातली, सुट्टी लागली की सगळे सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये. सुट्टी संपल्यावर आमच्या वाट्याला यायचा तो काकरापारचा कालवा. उसाला पाणी सुटलं की मुलं तिथेच. कडोदरा चार रस्त्याजवळच्या पंक्चरवाल्यांकडे ट्रकच्या जुन्या ट्यूब मिळायच्या. ट्यूबला भोपळ्याची सर नव्हती. व्हॉल्व्हची पितळी नळी बरगडीवर ओरखडे काढायची ते सोडा, ती अंगाला बांधलेलीच नसायची. वरून उडी मारली की माणूस खाली आणि ट्यूब पुढे वाहत गेलेली. मामाची ती दोन बोटं तेव्हाच मला कळायला लागली.

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून पाणी सुटलं, तापीचा विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या घरात गेला आणि बहुतेक सुरत पाण्याखाली. अडाजणला नातेवाईक अडकले होते. पाणी उतरू लागल्यावर आम्ही गेलो. तिथे होडीतून उतरवलेली एक मुलगी पाहिली. अंगात मोठ्या माणसाचं नारिंगी लाइफ जॅकेट. तिच्या आईने जॅकेटच्या खांद्यांना धरून तिला वर उचलायला पाहिलं, तेव्हा मुलगी जागेवरच राहिली आणि जॅकेट तेवढं कानांपर्यंत सरकलं. खालचे पट्टे लोंबत होते. ती सुखरूप होती, होडीही शहाण्या माणसाने चालवलेली. पण तिच्या अंगावर जे होतं ते पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निसटलंच असतं.

तरंगणारं काहीतरी जवळ असणं वेगळं आणि ते अंगाला बसलेलं असणं वेगळं. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि याचीच सगळ्यात कमी चर्चा होते. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेटच नव्हतं. त्या दिवसापासून कुठल्याही घाटावर गेलो की मी मुलांच्या छातीवरचे पट्टे बघतो आणि सैल दिसले तर न विचारता आवळतो.

अंगाला बांधलेल्या तरंगण्याचा हा धडा जुनाच आहे. इंग्लंडातल्या व्हिटबी बंदरात फेब्रुवारी 1861 च्या वादळात बचावनौका उलटली. तेरा जणांपैकी एकटा हेन्री फ्रीमन वाचला. बुचाच्या तुकड्यांचं नवं जॅकेट त्याच्या एकट्याच्याच अंगात होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात प्रश्न आला पाण्यात पडलेल्या बेशुद्ध वैमानिकांचा. एडगर पास्क या भूलतज्ज्ञाने स्वतःला भूल देऊन घेतली आणि जॅकेट घालून आपलं शरीर पोहण्याच्या तलावात टाकायला लावलं. तोंड पाण्याच्या वर राहतं का ते इतरांनी बघावं म्हणून. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

बेशुद्ध माणसाचंही तोंड वर ठेवणारं जाड, कॉलरवालं जॅकेट कयाकसाठी मात्र नको असतं. हे मला कोलाडला उमगलं. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेल्या पाण्यावर कुंडलिकेत राफ्ट चालतात. राफ्टमधल्या आम्हा पाहुण्यांना फुगीर जॅकेटं, आणि बाजूने कयाक हाकणाऱ्या पोरांच्या अंगात आखूड, बिनबाह्यांची, छातीला घट्ट बसणारी. ती बॉयन्सी एड. मोठ्या माणसासाठी तिची उचल किमान पन्नास न्यूटन, म्हणजे साधारण पाच किलोची. कमी वाटते, पण पाण्यात माणसाचं भरणारं वजनही बहुधा तेवढ्याच्या आतच असतं. बेशुद्ध माणसाला ती उताणं करत नाही, ते काम शंभर-दीडशे न्यूटनच्या कॉलरवाल्या जॅकेटचं. हिच्यात माणूस शुद्धीवर आहे, पोहतो आहे, वल्हं मारतो आहे, असं धरलेलं असतं. मोकळे हात हवेत, तर ही अट मान्य करावी लागते.

भाचीला कयाकचं वेड लागलं तेव्हा तिच्यासाठी असं जॅकेट घ्यायला गेलो. दुकानात उभ्याने घालून काही कळत नाही. तिला मी जमिनीवर पाय पसरून, कयाकमध्ये बसतात तशी बसवली. पहिल्याची पाठ लांब होती. बसल्याबरोबर मागचा फोम वर ढकलला गेला आणि गळा हनुवटीला टेकला. दुसऱ्यात काखेची कड घासत होती. ती वल्हं मारल्यासारखं वळायला लागली की "मामा, इथे टोचतंय" म्हणायची. तिसऱ्याचे बाजूचे पट्टे खालून वर आवळले आणि खांद्यांना धरून उचललं, तर जॅकेटसोबत तीही उठली. घेतलं ते. दुकानदाराला तिचं वजन सांगून लेबलवरचा आकडाही पडताळला.

नदीसाठी ते तेवढंच पुरे: आखूड, कुठे फास अडकणार नाही असं, कारण पुरात वाहून आलेल्या फांद्या पट्टा धरून ठेवतात. छातीवर झटक्यात सुटणारा बचावपट्टा असलेली महागडी जॅकेटं मिळतात. तो वापरायचं शिक्षण घेतल्याशिवाय ती घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्राचं गणित निराळं. कोकणातल्या देवबागच्या संगमाजवळ दुपारी वारा फिरला की परत यायला वेळ लागतो, म्हणून तिथे खिसे हवेत: शिट्टी, पाणी, पिशवीतला फोन. रंग भडक हवा, लाटांत डोकं दिसत नाही. सुरतेजवळच्या आमच्या डुमसला मात्र मी तिला कयाक घालू देत नाही; खंभातच्या आखाताच्या तोंडाशी ओहोटीला जी ओढ असते ती जॅकेट थांबवू शकत नाही.

घरी आल्यावर ते गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घालायचं. उन्हात कापड विरतं, वर बसलं की फोम दबतो आणि उचल कमी होते. यंदा भाची चांगलीच उंच झाली आहे. खांद्याचे पट्टे शेवटच्या टोकापर्यंत सोडले तरी जॅकेट पोटावरून वर राहतं, तेव्हा दिवाळीला कोलाडला जायच्या आधी नवं घ्यावं लागेल, आणि हे गल्लीतल्या कुठल्या बारक्याला बसतं ते बघावं लागेल.