पातेल्यात शिकागो

डिसेंबरात शिकागोला सूर्य साडेचारच्या आत मावळतो. ऑफिसातून निघताना बाहेर मिट्ट काळोख, गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा, आणि घरी पोचेपर्यंत वाटतं, रात्रीचे दहा तरी वाजले असावेत. घड्याळात असतात सहा. भुकेला घड्याळाशी देणंघेणं नसतं. अशा संध्याकाळी पोळ्या लाटायचा विचारही नको वाटतो. मी जाड बुडाचं मोठं पातेलं शेगडीवर चढवते आणि फ्रीजमधून सॉसेज काढते.

सॉसेज म्हणजे पोलिश कीलबासा. लसूण आणि मार्जोरम घातलेलं, धुरी दिलेलं, अर्धगोलात वळलेलं. सुरी टेकवली की वरचं आवरण क्षणभर अडतं आणि मग टच्‌कन सुटतं. बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या जाड चकत्या करायच्या आणि कोरड्या पातेल्यात पसरायच्या. तेलाचा थेंबही नको. पहिली दोन-तीन मिनिटं काही घडत नाही. मग कडेकडेनं चरबी सुटू लागते, चुरचुर ऐकू येते, आवरण आकसतं आणि सपाट चकती हळूहळू खोलगट होते. तिच्यात तांबूस तेलाचं एवढंसं तळं साचतं. इथे घाई करायची नाही. सारखं ढवळलं तर चकत्या नुसत्या गरम होतात, खरपूस होत नाहीत. तळाला तपकिरी खरवड धरू लागली, की चिरलेला कांदा घालायचा. कांद्याला पाणी सुटतं आणि त्या पाण्यानं खरवड उलथन्यानं आपसूक निघते. पुढे सगळ्या पातेल्याला जी चव येते, ती या खरवडीची. टोमॅटो काय, तिखटाच्या चार पाकळ्या काय, त्या नंतरच्या.

हे सॉसेज मी मिलवॉकी अव्हेन्यूवरच्या एका पोलिश दुकानातून आणते. काउंटरमागे छताला सॉसेजच्या माळा टांगलेल्या असतात, आणि दारातून आत शिरताच लाकडाच्या धुराचा वास अंगावर येतो. तो कोटात बसतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातही सोबत करतो. पॅकबंद कीलबासा इथे कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, तेही वाईट नसतं. पण दुकानातलं खाल्लं, की पॅकबंदातला धूर बाटलीतून आल्यासारखा वाटतो.

या शहराचं आणि मांसाचं नातं जुनं आणि तितकंसं देखणं नाही. १८६५ साली, ऐन नाताळच्या दिवशी, शिकागोच्या दक्षिण भागात युनियन स्टॉक यार्ड्‌स हा जनावरांचा अवाढव्य बाजार सुरू झाला. रेल्वेनं गुरं-डुकरं यायची आणि आजूबाजूच्या कारखान्यांतून मांस होऊन रेल्वेनंच बाहेर पडायची. डोक्यावरच्या रुळावरून आकड्याला टांगलेलं धूड सरकत पुढे जायचं आणि प्रत्येक मजूर जागेवर उभा राहून एकच घाव घालायचा, दिवसभर तोच. मोटारींची जुळणी सरकत्या साखळीवर करण्याची कल्पना इथूनच सुचल्याचं हेन्री फोर्डनंही कबूल केलं आहे. या रांगांत आधी आयरिश आणि जर्मन होते, नंतर पोलिश, लिथुएनियन, स्लोव्हाक आले. १९०६ साली अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी आली. तिच्यातल्या मजुरांचे हाल वाचून देश हळहळेल, अशी त्याची अपेक्षा होती. देशाला काळजी पडली ती आपल्या सॉसेजमध्ये काय काय दळलं जातं, याची. त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला; मजूर होते तिथेच राहिले. यार्ड्‌स १९७१ मध्ये बंद पडले. चुनखडीच्या दगडाची कमान तेवढी उभी आहे, तिच्या माथ्यावर बैलाचं कोरीव डोकं. मी एकदाच पाहायला गेले. वारा असा होता, की पाच मिनिटांत गाडीत येऊन बसले.

तर, कांदा पारदर्शक झाला की कोरडा पास्ता तसाच पातेल्यात. वेगळं उकळायचं नाही, गाळायचं नाही. जेमतेम बुडेल एवढं पाणी, एक डबा टोमॅटो, मीठ बेतानं, कारण सॉसेज खारट असतं. ही रीत अमेरिकेत घरोघरी गेली ती २०१३ मध्ये, मार्था स्टुअर्टच्या मासिकानं एकाच भांड्यातल्या पास्त्याची कृती छापल्यावर. मूळ कल्पना त्यांच्याकडच्या एका बाईंना इटलीतल्या पुलियात सापडली होती. ती वाचून पुष्कळ इटालियनांच्या कपाळावर आठ्या चढल्या. पास्ता भरपूर उकळत्या पाण्यात स्वतंत्र शिजला पाहिजे, हा त्यांचा धर्म. खरं तर रिसोत्तोसारखा, पाणी आटवत शिजवलेला पास्ता त्यांच्याकडेही आहेच. पण घरची गोष्ट परक्यानं सोपी करून सांगितली, की राग येतोच. मिक्सरमधल्या पुरणाबद्दल माझी आजी काय बोलायची, ते मला आठवतं.

शास्त्र मात्र या पातेल्याच्या बाजूनं आहे. पास्ता शिजताना त्याच्यातला स्टार्च पाण्यात उतरतो. भरपूर पाण्यात उकळून ते गाळलं, की तो मोरीत जातो. इथे पाणी बेतानं असल्यामुळे तो पातेल्यातच राहतो आणि रस दाट होत जातो. दहाएक मिनिटं, आच मोठी, आणि आता मात्र ढवळत राहायचं. आधी पाणी पाणीच दिसतं, सातव्या-आठव्या मिनिटाला बुडबुडे जड होतात, आवाज बदलतो. खळखळीची थपथप होते.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई आल्या होत्या, सांगलीहून. त्या शाकाहारी, त्यामुळे त्यांच्यापुरतं सॉसेजविना छोट्या पातेल्यात, म्हणजे एका भांड्याच्या स्वयंपाकाची दोन भांडी. त्या ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या.

“पाणी कधी काढणार गं?”

“काढायचं नाही, आई. त्यातच आटवायचं.”

“मग या चकोल्याच की.”

मी हो म्हटलं, पण मनाला ते पुरतं पटलं नाही. शिजण्याची तऱ्हा एकच, हे खरं: आमटीत सोडलेल्या कणकेचा स्टार्चही आमटीलाच दाट करतो. पण चकोल्यांना कणीक भिजवावी लागते, लाटावी लागते, कापावी लागते, एकेक सुटी करून उकळत्या आमटीत सोडावी लागते. त्यातला तासाभराचा कष्ट आईंच्या मनगटात असतो. माझ्या पातेल्यातला कष्ट कुणाच्या मनगटात होता, ते दिसत नाही. हे जेवण सोपं आहे, कारण अवघड कामं लोकांनी माझ्याआधी, माझ्या नजरेआड उरकून ठेवली आहेत.

पास्त्याचंच घ्या. त्याला लागणारा ड्युरम गहू कठीण दाण्याचा. आपल्याकडे शेवयांना लागणारा बन्सी गहू याच कुळातला. इथल्या कोरड्या गवताळ पट्ट्यात तो रुजवण्यासाठी कृषी खात्याचा मार्क कार्लटन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियात हिंडला आणि कुबांका नावाचं वाण घेऊन आला. दाणा इतका कठीण, की गिरणीवाले सुरुवातीला त्याला हात लावेनात. आज देशातला सर्वाधिक ड्युरम बहुतेक वर्षी नॉर्थ डाकोटात पिकतो. कार्लटनची मात्र कर्जापायी नोकरी गेली आणि १९२५ साली तो पेरूमध्ये वारला. पास्त्याच्या निळ्या डब्यावर असल्या माणसांची नावं नसतात. तिथे फक्त लिहिलेलं असतं: अकरा मिनिटं.

चीज शेवटी, आणि गॅस बंद केल्यावरच. चेडर उकळत्या रसात टाकलं, तर त्यातली प्रथिनं आकसतात, तूप वेगळं होतं आणि खाली रबरी गुठळ्या उरतात. आच बंद करून मिनिटभर थांबायचं, मग मूठ मूठ किसलेलं चीज घालत ढवळायचं. रसातला स्टार्च त्याला फुटू देत नाही. किसायचं घरीच, पिशवीतल्या तयार किसाला चिकटू नये म्हणून बटाट्याचा स्टार्च नाहीतर सेल्युलोजची भुकटी लावलेली असते आणि तो नीट विरघळत नाही. माझं चेडर विस्कॉन्सिनचं, इथून तासाभराच्या अंतरावर ते राज्य सुरू होतं. त्याचा केशरी रंग गाईनं दिलेला नाही, शेंद्रीच्या बियांचा आहे. किसताना बोटं पिवळसर होतात.

चीज फुटण्याच्या याच कटकटीवर या गावातल्या एका माणसानं गडगंज पैसा केला. कॅनडातून आलेला जेम्स क्राफ्ट १९०३ साली ६५ डॉलर भांडवलावर, भाड्याच्या घोडागाडीतून शिकागोच्या दुकानदारांना चीज विकत असे. उन्हाळ्यात माल खराब व्हायचा. त्यानं चीज तापवून सतत घोटायची रीत बसवली, म्हणजे ते फुटतही नाही आणि महिनोन्‌महिने टिकतं. १९१६ मध्ये पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धात सैन्यानं त्याचे डबे घेतले. १९३७ च्या मंदीत कंपनीनं मॅकरोनी आणि चीजची भुकटी एकाच खोक्यात घातली, चौघांचं जेवण १९ सेंटांत. माझा मुलगा आजही शपथेवर सांगतो, की आईच्या पातेल्यापेक्षा ते खोकं चांगलं. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तो एकीकडे हे बोलत दुसऱ्यांदा वाढून घेत असतो.

ताटं लागतात तेव्हा चीजची तार पातेल्यापासून ताटापर्यंत येते, तुटता तुटत नाही. आईंनी पहिला घास घेतला, वर थोडं तिखट मागितलं, मग लिंबू मागितलं. दिलं. वाईट लागलं नाही.

भांडं एकच, त्यामुळे घासायला काही नाहीच, असं कृती छापणारे सांगतात. त्यांनी ते पातेलं कधी घासलेलं नसावं. चीज आणि स्टार्च मिळून बुडाशी असा थर धरतात, की घासणी झिजते. आमच्याकडे स्वयंपाक ज्यानं केला त्यानं घासायचं नाही, असा करार आहे. म्हणून नवरा बाह्या सारून सिंकशी उभा राहतो आणि दर वेळी गरम पाण्याचा नळ सोडतो. गरम पाण्यानं ते सगळं आणखी शिजून बसतं. “गार पाणी घाल आधी,” मी सोफ्यावरून ओरडते, “आणि अर्धा तास भिजू दे.” त्याला अर्धा तास थांबायचं नसतं, मॅच सुरू व्हायची असते.