सांगलीची हळद

आमच्या घरी हळदीला तोटा नाही. फळीवर डब्यांची रांगच लागली आहे. पुढल्या दोन लग्नांना पुरेल, असे सौभाग्यवती म्हणते. याचे खरे कारण सांगायला मी चार वर्षे लाजत होतो.

माझा भाचा आमच्याकडे साताऱ्यात राहून शिकत होता. एकोणिसाव्या वर्षी त्याची झोप उडाली. परीक्षा जवळ आली की छातीत धडधडे, तळहातांना घाम फुटे. पुढे तर तो दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राही. 'मन खंबीर कर' असे सांगून मी त्याला भल्या पहाटे अजिंक्यताऱ्यावर पिटाळी. तो मुकाट्याने चढे, मुकाट्याने उतरे आणि पुन्हा भिंतीकडे वळे. एका रात्री म्हणाला, "मामा, उद्या सकाळ झालीच नाही तर बरं होईल." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

डॉक्टर साताऱ्यातही होते. मनाच्या आजारांचे काम करणारी, दाभोलकरांची 'परिवर्तन' तर आमच्या गावचीच. पण जाताना कोणी पाहिले तर? म्हणून आम्ही आगगाडीने थेट सांगली गाठली. डॉक्टरांनी मला बाहेर बसवले आणि पाऊण तास त्याचे ऐकले. मग म्हणाले, "गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि बोलायला येत राहायचं."

आता 'सांगलीला कशाला?' या प्रश्नाचे उत्तर हवे. ते मी पेठेत विकत घेतले: किलोभर हळद! दर महिन्याला खेप, दर महिन्याला हळद. शेजारीपाजारीसुद्धा पिशव्या देऊ लागले. मनाच्या आजाराला विम्यात शरीराच्या आजारासारखेच धरावे, असे २०१७ च्या कायद्याने केव्हाच सांगितले होते. सरकारला जे उघड बोलवले, ते मला वाड्याच्या अंगणात बोलवेना.

भाचा हळूहळू सावरला. मध्यंतरी एकदा पुन्हा घसरला, पुन्हा सावरला. आता नोकरी करतो.

गेल्या श्रावणात शेजारच्या वहिनी पिशवी न घेताच आल्या. बराच वेळ पदराशी चाळा करीत उभ्या राहिल्या.

"भावजी, या खेपेला हळद नको. आमच्या धाकटीला बरोबर न्याल का?"

मी गोंधळलो. भाचा आतून बाहेर आला.

"काकू, इतक्या लांब कशाला? साताऱ्यातच दाखवू. रात्री-अपरात्री तिला फार वाटलं तर १४४१६ वर फोन करा, सरकारीच आहे, पैसे पडत नाहीत. उद्या किती वाजता निघायचं? मी येतो."