पर्समधलं रिंगण

जून २०२३. माउलींची पालखी लोणंदहून निघाली आणि चांदोबाच्या लिंबापाशी वारीतलं पहिलं उभं रिंगण झालं. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावत गेला. त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकली. आमच्या कॅमेरामन दादांनी हे सगळं फोर-केमध्ये, सेकंदाला पन्नास फ्रेम धरून टिपलं. रात्री आम्ही फलटणला एका ओळखीच्या घरी उतरलो. दोन मिनिटांची क्लिप त्याच रात्री पुण्याला पाठवायची होती. मी कार्ड कॉपी केलं, फुटेज टाइमलाइनवर टाकलं आणि प्ले दाबलं. अश्वाने पाय उचलला आणि तिथेच थांबला. मग एकदम चार हात पुढे. पुन्हा थांबला.

घरातल्या आजी शेजारी येऊन बसल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे त्या वर्षी त्यांना रिंगणाला जाता आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "असा का गं अडखळतोय तो?" मी म्हटलं, "अश्व नाही आजी, माझा लॅपटॉप अडखळतोय." थोडा वेळ वाट पाहून त्या झोपायला गेल्या.

लॅपटॉप २०१८ सालचा होता. आय-फाइव्ह, आठवी पिढी, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड. खालून हवा जावी म्हणून मी तो दोन स्टीलच्या वाट्या पालथ्या घालून त्यांवर ठेवला. कीबोर्डच्या वरच्या पट्टीला बोट लावलं तर चटका बसत होता. रेंडर त्रेचाळीस टक्क्यांवर गेलं आणि मशीन बंद पडलं. असं तीनदा झालं. शेवटी पहाटे चारला सगळं कलर करेक्शन काढून, रिझोल्यूशन उतरवून ती क्लिप पाठवली. तिच्यातलं संध्याकाळचं आभाळ पट्ट्यापट्ट्यांचं दिसत होतं. ती क्लिप मला आजही बघवत नाही.

मी साताऱ्यात राहते आणि चौदा वर्षं एडिटिंग करते. लग्नांच्या फिल्म, संस्थांचे वार्षिक अहवालपट आणि जमेल तेव्हा माहितीपट. पोट पहिल्या दोन्हींवर चालतं, जीव तिसऱ्यात असतो. वारीहून परतल्यावर नवा लॅपटॉप घ्यायचा हे पक्कं झालं, आणि मी चार जणांना विचारलं. भाचा म्हणाला, "मावशी, ग्राफिक्स कार्ड मोठं घे, बाकी काही बघू नको." तो गेम खेळतो. पुण्यातला एक सहकारी म्हणाला, डोळे मिटून मॅक घे. आमच्या सीए ताई म्हणाल्या, बिलावर जीएसटी नंबर घालून घ्या, बाकी तुम्ही बघा. प्रत्येकाचं त्याच्या कामापुरतं बरोबर होतं. माझं काम नेमकं काय मागतंय, हे मात्र मलाच धड माहीत नव्हतं, आणि चौदा वर्षं या धंद्यात काढल्यावर ते कळणं मला बोचलं.

उत्तर कॅमेऱ्यात होतं. दादांनी मेनू उघडून दाखवला. एच-२६५, टेन-बिट, ४:२:२. टेन-बिट म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ छटा. ४:२:२ म्हणजे साध्या ४:२:० पेक्षा दुप्पट रंगमाहिती. बुक्का लावलेलं काळंसावळं कपाळ, उन्हातली भगवी पताका, पावसाआधीचं आभाळ हे सगळं नीट हवं असेल तर ही माहिती लागतेच, त्यात तडजोड नको असं दादांचं म्हणणं होतं, माझंही होतं. पण एच-२६५ प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमपेक्षा वेगळं काय, तेवढंच लिहून ठेवतो. त्यामुळे फाइल लहान होते, पण एक फ्रेम दाखवायची तर मशीनला आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. हे उलगडण्याचं काम करणारा खास भाग चिपमध्ये असला तर फुटेज पाण्यासारखं वाहतं. नसला तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, आणि मग फलटणला झालं तसं होतं.

हा खास भाग कोणत्या चिपमध्ये असतो ते वाचताना माझी झोप उडाली. एच-२६५ मधलं ४:२:२ उलगडण्याची सोय तेव्हाच्या एनव्हिडियाच्या ४० मालिकेतल्या एकाही कार्डात नव्हती. कार्ड दीड लाखाचं घ्या नाहीतर साठ हजारांचं, तेवढ्यापुरतं सारखंच. (ती सोय २०२५ मध्ये ५० मालिकेबरोबर आली.) इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरात जे अंगचं ग्राफिक्स असतं, ज्याला दुकानात कुणी विचारत नाही, ते मात्र हे काम चोख करत होतं. ॲपलच्या चिपही करत होत्या. म्हणजे भाच्याचं ऐकून मी नुसतं मोठं कार्ड बघून भलत्या प्रोसेसरचं मशीन घेतलं असतं, तर लाखभर रुपये घालूनही अश्व अडखळतच राहिला असता.

मॅकचा मी मनापासून विचार केला. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या एम-टू प्रोच्या चौदा इंची मॅकबुक प्रोची भारतातली किंमत १,९९,९०० पासून सुरू होत होती. रॅम १६ जीबी, साठवण ५१२ जीबी, आणि दोन्ही पुढे वाढवता येत नाहीत. मशीन उत्तम आहे यात मला शंका नाही, चार्जर काढल्यावरही त्याचा वेग टिकतो ही तर मोठीच गोष्ट. पण माझी ऐपत सव्वा लाखापर्यंत होती, तीही पतसंस्थेच्या कर्जासकट. आणि जे आज परवडत नाही ते दोन वर्षांनी घालता येईल, अशी मोकळी जागा मला मशीनमध्ये हवी होती.

जुलैच्या एका सकाळी मी साताऱ्याहून विनाथांबा एसटीने स्वारगेटला उतरले. पर्समध्ये एक छोटी एसएसडी होती. तिच्यावर चांदोबाच्या लिंबाचं दीड मिनिटाचं मूळ फुटेज आणि माझ्या माहितीपटातला बारा मिनिटांचा तुकडा, कलर करेक्शनसकट.

पहिल्या दुकानात मुलगा म्हणाला, "मॅडम, आय-सेव्हन आहे, फोर-झिरो-सिक्स-झिरो आहे, आणखी काय पाहिजे?" मी विचारलं, कार्ड किती वॉटचं? तो गोंधळला. यात त्याचा दोष नाही, खोक्यावर ते लिहिलेलंच नसतं. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे एकाच नावाचं कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही शक्तीवर बसवलेलं असू शकतं. नाव तेच, किंमत थोडीफार तीच, काम कितीतरी वेगळं. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर अगदी तळाशी बारीक अक्षरात तो आकडा सापडतो. मी मोबाइलवर काढून दाखवला तेव्हा त्याने तो स्वतःच्या वहीत लिहून घेतला. पण डेमो मशीनवर माझं फुटेज चालवू द्यायला तिथे कुणी तयार होईना.

दुसऱ्या दुकानाच्या मालक काकांनी मात्र "बसा ताई, करा काय ते" म्हणून काउंटरच्या टोकाला जागा करून दिली. त्या टोकाला माझा सगळा दिवस गेला.

एकाच प्रोसेसरचे, एकाच कार्डाचे दोन लॅपटॉप समोर होते. एक पातळ आणि देखणा, दुसरा जाड, अडीच किलोचा. पातळ्यावर अश्व सरळ धावला. जाड्यावर अडखळला. मला काही समजेना. प्रोसेसर तोच, मग हे का? आतल्या खोलीत रिपेअरिंग करणारा एक मुलगा हात पुसत बाहेर आला, दोन मिनिटं सेटिंग चाळली आणि म्हणाला, "ताई, गेमवाल्यांसाठी याचं ग्राफिक्स फक्त कार्डावर ठेवलंय. म्हणजे इंटेलचं पूर्ण बंद. म्हणून हे होतंय." त्याने सेटिंग हायब्रिड केलं, म्हणजे दोन्ही ग्राफिक्स चालू, मशीन रिस्टार्ट केलं, मी पुन्हा प्ले दाबलं. अश्व एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मी त्या मुलाचे आभार मानले ते अगदी आतून. त्या दिवशी दुकानात त्याच्याइतकं मशीन कळलेलं दुसरं कुणी नव्हतं.

मग बारा मिनिटांचा तुकडा दोन्हींवर लागोपाठ रेंडरला लावला. एकदा नव्हे, अर्धा तास पुन्हा पुन्हा. पहिली सात-आठ मिनिटं दोघे बरोबरीने चालले. मग पातळ्याचा प्रोसेसर शंभर अंशांवर जाऊन टेकला आणि स्वतःला वाचवायला त्याने वेग उतरवला. जाड्याच्या फॅनचा आवाज मोठा होता, पण त्याचा वेग शेवटपर्यंत ढळला नाही. पाच मिनिटांची चाचणी करून उठले असते तर मी पातळाच घेऊन आले असते.

स्क्रीनपाशी पुन्हा थांबले. तिथे त्याच किमतीचा तिसराही एक होता, त्याच्या कागदावर लिहिलं होतं ४५ टक्के एनटीएससी. याचा अर्थ साध्या एस-आरजीबीतले जेमतेम दोन तृतीयांश रंग. त्यावर माझी भगवी पताका विटकरी दिसली, जणू चार वर्षं उन्हात वाळलेली. जाड्याचा स्क्रीन १०० टक्के एस-आरजीबी होता. तीच पताका दोन्हींवर शेजारी शेजारी ठेवून बघितली, त्यानंतर तिसऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. रंगावर ज्याचं पोट आहे त्याने प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, स्क्रीन घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

रॅम बघायला काकांनी जाड्याचं मागचं झाकण उघडून दाखवलं. १६ जीबीची एकच पट्टी, शेजारचा स्लॉट रिकामा. पातळ्यात रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली होती. जाड्यात एसएसडीसाठीही दुसरी जागा होती.

त्या दिवशी काही न घेता परतले, पैशांची जुळणी व्हायची होती. ३ ऑगस्टला बातमी आली की केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवान्याची अट घातली. संध्याकाळीच दुसऱ्या एका दुकानातून फोन, उद्यापासून भाव वाढणार, शेवटचा पीस आहे, आत्ता दहा हजार पाठवा. माझा हात फोनवर गेलाही होता. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, घाई करू नका, दोन दिवस थांबा." दुसऱ्याच दिवशी सरकारने ती अट ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पतसंस्थेचा चेक हातात आला आणि मी काकांकडूनच जाडा घेतला, दुसऱ्या १६ जीबीच्या पट्टीसह एक लाख अठ्ठावीस हजारांना. पुण्यातल्या कंपन्यांना बिल लागतं म्हणून माझी जीएसटी नोंदणी आहेच. अठरा टक्के जीएसटीचे साडेएकोणीस हजार रुपये पुढच्या बिलांच्या करातून वळते झाले, आणि संगणकाला ४० टक्के घसारा मिळतो हे सीए ताईंनी कागदावर मांडून दाखवलं. त्यांचा सल्ला मी आधी फारसा मनावर घेतला नव्हता, तो हप्त्यांच्या दिवसांत कामी आला.

घरी पहिलं रेंडर लावलं ते त्याच बारा मिनिटांच्या तुकड्याचं. जुन्यावर तीन तासांवर जात होतं. चहा गाळून आणेपर्यंत निम्मं झालं होतं, एकूण चौदा मिनिटं लागली. मी त्यानंतरही बराच वेळ खुर्चीवर नुसती बसून होते. कितीतरी रात्री त्या तीन तासांच्या पायी गेल्या होत्या.

सगळंच साधलं असं नाही. चार्जर २३० वॉटचा, जवळजवळ किलोभर वजनाचा, आणि एसटीत खांदा भरून येतो. साताऱ्यात वीज गेली की बॅटरीवर कार्डाला पुरेशी शक्ती मिळत नाही, रेंडर रांगायला लागतं. इन्व्हर्टरवर ओझं नको म्हणून मी मग तेवढा वेळ शॉट निवडण्याचं काम करते. ५१२ जीबीची साठवण पाच महिन्यांत भरली. ते मी आधीच ओळखायला हवं होतं. दुसऱ्या जागेत दोन टीबीची एसएसडी घातली. आणि एकदा अपडेटनंतर ग्राफिक्सचं सेटिंग आपोआप बदललं, लग्नाचं फुटेज अडखळायला लागलं, तेव्हा रिपेअरिंगच्या त्या मुलाचं वाक्य आठवलं आणि दोन मिनिटांत निस्तरलं.

जुलै २०२४ मध्ये पुन्हा फलटणला त्याच घरी उतरलो. रात्री कार्ड कॉपी होत असताना आजी काठी टेकत आल्या आणि गेल्या वर्षीच्याच जागी बसल्या. मी प्ले दाबलं. अश्व धावत गेला, सावकाश, प्रत्येक टाप वेगळी दिसत होती. आजींनी हात जोडले. मग पुढे झुकून स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात, रांगेच्या मागच्या बाजूला बोट ठेवलं. "हे आमच्या गावचं निशाण. याला मागल्या साली नवं कापड घातलंय, रंग बघ कसा आहे. आणि ही तुळस घेतलेली आमची सुंदरा. जरा मागं घे गं, तिचं तोंड दिसू दे."

मी फुटेज मागे घेतलं. त्यांनी ते चार वेळा बघितलं.