अ‍ॅरो रॉक : नदीनें टाकलेलें गांव

अमेरिकेंत मुलाकडे राहण्याचा योग आला असतां मिसूरी राज्यांतील अ‍ॅरो रॉक हें जुनें गांव पाहिलें. 'बाणाचा खडक' हा त्या नांवाचा अर्थ. मिसूरी नदीच्या उंच तटावरील गारेच्या दगडापासून मूळचे रहिवासी बाणांचीं टोकें घडवीत, त्यावरून हें नांव पडलें. १८२१ सालीं विल्यम बेकनेल हा व्यापारी येथूनच नदी ओलांडून सांता फे नगराकडे गेला आणि पुढें ती वाट व्यापाराचा राजमार्ग झाली. गांवाची स्थापना १८२९ सालची.

येथील मुख्य वास्तु म्हणजे जोसेफ ह्यूस्टन यानें १८३४ च्या सुमारास बांधलेली विटांची 'टॅव्हर्न'. या शब्दाचा 'गुत्ता' असा अर्थ करून वाचकांनीं नाक मुरडूं नये. त्या काळची टॅव्हर्न म्हणजे वाटसरूस अन्न, अंथरूण व चार गांवच्या बातम्या पुरविणारी सराई. मात्र धर्मशाळेप्रमाणें फुकट नव्हे.

भरभराटीच्या काळीं गांवची वस्ती हजाराच्या घरांत होती. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झालें, लोहमार्ग दुसरीकडून गेला आणि नदीनेंहि पात्र बदलून गांवाकडे पाठ फिरविली. आज तेथें शंभर माणसेंहि राहत नाहींत. परंतु नवें बांधण्याची ऐपत उरली नाहीं, म्हणूनच जुनें पाडलें गेलें नाहीं! १९२३ सालीं राज्यानें टॅव्हर्न विकत घेतली. १९६३ सालीं गांवास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला.

तथापि मला विशेष वाटलें तें निराळेंच. हा प्रांत गुलामगिरीचा. येथील तंबाखूचीं व तागाचीं शेतें गुलामांच्या घामावर पिकत. १८६५ सालीं ते मुक्त झाले. त्यांच्या समाजानें पुढें बांधलेलें ब्राउन्स चॅपेल हें प्रार्थनामंदिर व त्यांचें सभागृह हींहि टॅव्हर्नप्रमाणेंच दुरुस्त करून राखलीं आहेत, आणि सभागृहांत त्यांचा इतिहास मांडला आहे. धन्याची कीर्ति सांगतांना चाकराचें दुःख झांकलेलें नाहीं.

आपणहि वडिलार्जित वाड्यांचा अभिमान बाळगतों, कुलवृत्तान्त छापतों. त्यांत सनदा असतात, इनामें असतात; पण पाणी कोणीं वाहिलें, भिंती कोणीं रचल्या, मागील दारीं कोण ताटकळत उभें राहिलें, याची एक ओळहि नसते. ज्यांस हें आठवतें अशीं वृद्ध माणसें अजून कांहीं घरांतून आहेत. त्यांना विचारून तें लिहून ठेवावें. नुसती भिंत राखल्यानें घर राखलें जात नाहीं.