खाडीकाठचं कांदळवन: तेव्हाचं आणि आताचं

आमच्या लहानपणी वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत फिरायला म्हणून कुणी जात नसे. तिकडे जायचं ते कामालाच. ओहोटी लागली की आत्या-काकी लुगडं खोचून, कोयती आणि टोपली घेऊन चिखलात उतरायच्या. कुणी खडकावरची कालवं फोडायची, कुणी मुळे-तिसरे वेचायची. आम्ही पोरं मागे लागलो की ओरडा ठरलेला, "कांदळात जाव नको, रुतशीत!"

तरी जायचोच. तिवराच्या पानावर साचलेले मिठाचे कण जिभेला लावून बघायचे, कांदळाच्या हिरव्या लांब शेंगा भाल्यासारख्या फेकायच्या. त्या शेंगेतलं बी झाडावरच रुजतं आणि खाली पडलं की चिखलात उभं राहून झाड होतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. घरात कांदळवनाची किंमत चुलीपुरती. लाकूड निखारा चांगला धरतं, तिवराचा पाला गुरांना चालतो, एवढाच हिशेब. पुढे किनाऱ्यावर ठिकठिकाणी भराव घालायला आणि कचरा टाकायला हीच जागा सोयीची वाटू लागली.

2005 साली उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला बंदी घातली, 2012 मध्ये वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला. पण नुसत्या बंदीने काठावरच्या घरात दोन पैसे येत नाहीत. म्हणून 2017 मध्ये राज्य सरकारने कांदळवन राखणाऱ्या गावांसाठी उपजीविकेची योजना आणली. त्याच सुमारास वेंगुर्ल्यातल्या स्वामिनी महिला बचत गटाने मांडवी खाडीत कांदळवन सफर सुरू केली.

आता त्याच खाडीत बायका स्वतः होडी वल्हवतात. तिवर, कांदळ, चिपी यांतला फरक पर्यटकांना दाखवतात, चिखलातून वर आलेली श्वसनमुळं कशासाठी असतात ते समजावून सांगतात.

जिल्ह्यातल्या इतर खाड्यांत बचत गट शिणाणे, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, वाढवतात. शिणाण्यांचं बी दोराभोवती ठेवून वर सुती जाळीदार कापड गुंडाळायचं आणि तो दोर खाडीत टांगायचा. कापड कुजून जाईतो शिणाण्यांनी आपल्या तंतूंनी दोर घट्ट धरलेला असतो. पावसाच्या गोड्या पाण्याआधी माल काढावा लागतो. कांदळवनालगतच्या तळ्यांत कुर्ल्याही (खेकडे) वाढवल्या जातात. त्यांना काही महिने रोज खाणं घालावं लागतं, एकमेकींना खातात म्हणून राखणही करावी लागते. सगळीच तळी फायद्यात जातात असं नाही, आणि पावसाळ्यात सफरही बंद असते.

तरीही फरक मोठा आहे. भरती-ओहोटीची वेळ, पाण्याचा खारेपणा, माशांच्या जागा हे सगळं आत्या-काकींनाही पाठ होतं. त्या शहाणपणाला तेव्हा कुणी दाम दिला नाही. आज तो मिळतो, आणि ज्या घरात तो येतो त्या घरची माणसं कांदळावर कोयता चालवू देत नाहीत. माशांची पिल्लं याच मुळांत वाढतात, हेही ती घरं जाणतात.

कोकणात किल्ला आणि समुद्र बघायला जाताच. पुढच्या वेळी एक सकाळ मांडवी खाडीसाठी ठेवा. भरतीची वेळ आधी विचारून घ्या, प्लास्टिक काठावर टाकू नका, आणि सफरीच्या पैशांत घासाघीस करू नका. ते पैसे ज्या घरांत जातात, तीच घरं कांदळवन राखतात.