बोटाला कळलेला खड्डा

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करू लागलो. व्यापारी घरात जन्मून मी नोकरी धरली, याचे आमच्या मंडळींना एकेकाळी नवल वाटले होते. आयुष्यभर कागद आणि आकडे हाताळणाऱ्या माणसाने साठीनंतर करवत व रंधा हाती घेतला, याचेही त्यांना तितकेच नवल वाटले.

गेल्या वर्षी मी ‘त्रिंकोमाली’ करावयास घेतले. ब्रिटिश आरमारासाठी हे जहाज मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानातून बांधले गेले आणि १८१७ च्या ऑक्टोबरमध्ये पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले असून अजूनही पाण्यावर तरंगते. तोफांच्या मजल्यावर त्याची लांबी सुमारे १५० फूट आहे. मी शंभरपट लहान प्रमाण घेतले, म्हणजे जेमतेम दीड फूट. या प्रमाणाचा एक अर्थ मला उशिरा उमगला. माझ्या प्रतिकृतीवरील अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा म्हणजे खऱ्या जहाजावरील पाच सेंटिमीटरचा खड्डा.

जहाजाचे बाह्यांग गुळगुळीत व्हावे, ही या छंदातील सर्वांत कठीण गोष्ट होय. आधी कणा आणि त्यावर आडव्या फासळ्या बसवायच्या, मग दीड मिलिमीटर जाडीच्या शिवणीच्या पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून, वाकवून, एकेक करून चिकटवायच्या. पुढच्या निमुळत्या भागाकडे प्रत्येक पट्टी तासून अरुंद करावी लागते, नाहीतर ती शेजारणीच्या अंगावर चढते. ओळखीच्या सुताराने सरस आणि लाखेचे पॉलिश सुचवले होते. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो आणि लाख किड्यांपासून मिळते, म्हणून आमच्या घरात दोन्ही वर्ज्य. साधा पांढरा कृत्रिम गोंद आणि पाण्यात मिसळणारा सीलर यांवर काम उत्तम भागले.

पट्ट्या बसल्या की घासणे सुरू होते. पॉलिशपेपर नुसत्या बोटांनी धरू नये. बोटे मऊ जागी दाबली जातात आणि चर पडतात. कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा, १२० नंबरपासून आरंभ करून १८०, २४०, ३२० असे चढत जावे आणि हात तिरका फिरवावा. मधूनमधून सर्व अंगावर शिसपेन्सिलीच्या रेघा माराव्यात. घासल्यावर जिथल्या रेघा आधी जातात तो उंचवटा आणि जिथल्या उरतात तो खड्डा.

माझा बारा वर्षांचा नातू या कामात भागीदार होता. त्याच्या शाळेच्या प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना आम्ही राखी प्रायमर मारला. त्याने बॅटरी जहाजाच्या अंगालगत आडवी धरली आणि डाव्या बाजूस बोटभर लांबीची एक सावली उमटली. कारण माझ्या लक्षात आले. आतल्या एका फासळीला मी प्रमाणाबाहेर कानस मारली होती, त्यामुळे तिच्यावरील पट्ट्या बसक्या झाल्या होत्या. फासळ्यांवर लवचीक पट्टी टेकवून ती सर्वांना सारखी लागते की नाही, हे पाहण्याचा कंटाळा मी केला होता.

“पुट्टी भरू, वर रंग देऊ. कोणाला दिसायचे नाही,” मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले, त्या जागेवरून बोट फिरवले आणि म्हणाला, “पण आजोबा, रंग तर काळा द्यायचा आहे ना? काळ्यात जास्त दिसते, असे तुम्हीच सांगितले होते.”

मी गप्प झालो. नोकरीच्या सातव्या वर्षी मी एका कर्जदाराच्या गोदामाची तपासणी केली होती. पुढच्या रांगेतील पोती मोजली, मागच्या रांगा अंदाजाने धरल्या आणि स्टॉक स्टेटमेंटवर सही केली. खाते थकले तेव्हा मागच्या पोत्यांत भुसा निघाला. तोवर शाखेने त्या खात्यात दोनदा वाढीव कर्ज घालून जुने व्याज वसूल दाखवले होते. खड्ड्यावर पुट्टी चढत गेली, ती अशी. माझ्या अहवालावर विश्वास ठेवणाऱ्या शाखाधिकाऱ्यांची बढती अडली. मला मात्र लेखी ताकीद मिळाली आणि विषय संपला. मी त्यांच्याकडे गेलो नाही.

त्या रात्री आम्ही पुट्टीचा डबा उघडला नाही. प्रायमर खरवडला, ओल्या गरम फडक्याने गोंद मऊ केला आणि चार पट्ट्या उचलल्या. फासळीवर पातळ चीप चिकटवून ती वाळल्यावर घासून पातळीत आणली, मग नव्या पट्ट्या बसवल्या. हे काम चार दिवसांत होणारे नव्हते. प्रदर्शन हुकले. नातू दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलला आणि त्याचा राग वाजवी होता. खड्डा माझा होता, किंमत त्याने मोजली.

त्यानंतर एका सकाळी मी त्या साहेबांना फोन केला. बत्तीस वर्षे उलटली होती. मी पोती मोजली नव्हती, हे स्पष्ट शब्दांत सांगितले आणि क्षमा मागितली. काही क्षण पलीकडून आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “अहो, मला तेव्हाच ठाऊक होते. तुम्ही कधी येऊन सांगाल, याची वाट मात्र पुष्कळ दिवस पाहिली.” पुढे त्यांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. मला उत्तर धड देता आले नाही.

त्रिंकोमाली दोन महिन्यांनी पूर्ण झाले. काळा रंग, तोफांच्या खिडक्यांच्या रांगेवर पांढरा पट्टा, तळाशी तांबे. बैठकीत ठेवण्याआधी नातवाने पुन्हा बॅटरी आडवी धरली, डोळे मिटले आणि पुढच्या टोकापासून मागपर्यंत बोट फिरवले.

“चालेल,” तो म्हणाला.